बिनआवाजाची पेटी

कान झाकायचे टोप तुम्ही कारखान्यातल्या माणसांना कधी वापरूच दिले नाहीत, साहेब. तपासणीवाले यायचे म्हटलं की हातात द्यायचे, त्यांची पाठ वळली की परत कपाटात. एरवी पत्रा कापणाऱ्या प्रेसपुढे माणसं उघड्या कानांनी उभी. त्यातलाच एक निवृत्त होऊन घरी बसलाय. त्याचं काय झालं ते ऐका. तुमचे कान तर शाबूत आहेत.

बायकोचे गुडघे गेले, तिचं सिनेमाला जाणं सुटलं. प्रेसवाल्याने ठरवलं, थिएटरच घरात आणायचं. टीव्हीखाली शोभून दिसेल आणि ब्र काढणार नाही असा कॉम्प्युटर स्वतः जोडायचा. मेहुण्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. तो एकेक भाग आणून देई, टोमणे वर फुकट. सावकाश फिरणारा मोठा पंखा आला, आवाज गिळणारा फोम आला, पॉलिश केलेली लाकडी दर्शनी बाजू आली. फंडाचा चांगलाच लचका तुटला.

"दाजी, एवढ्या पैशात ताईला रोज खुर्चीसकट थिएटरात उचलून नेलं असतं," मेहुणा म्हणाला.

प्रेसवाला हसला. पेटी चालू करून त्याने कान लावला. चिडीचूप. त्याची छाती फुगली.

संध्याकाळी दिवे मालवून तिघं सिनेमाला बसली. पडद्यावर शांत प्रसंग चालू होता, तोच मेहुण्याने उठून दिवा लावला.

"ताई तीनदा म्हणाली, पंख्याला काहीतरी घासतंय. नुसती खरखर चाललीय. ऐकत का नाही तुम्ही?"

प्रेसवाल्याने पेटीवर तळहात ठेवला. तिची थरथर हाताला लागली. कानाला काहीच नाही.

बायकोने त्याच्याकडे तोंड केलं आणि नेहमीसारखी एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "राहू दे हो. मला चालतंय."

ती अशी का बोलते, हे त्याला तेव्हा कळलं. तुमच्या शेडमध्ये बोललेलं कुणाच्या बापाला ऐकू यायचं नाही. सगळे एकमेकांचे ओठ वाचायचे. ती सवय हाडीमाशी इतकी भिनली, की आपण ऐकत नाही, बघतो, याचा त्याला पत्ताच नव्हता. अंधारात ओठ कुठून दिसणार? निवृत्तीच्या तपासणीत तुमच्या डॉक्टरने समोर बसून विचारलं होतं, नीट ऐकू येतं ना? तो हो म्हणाला होता. खोटं बोलला नव्हता बिचारा. त्या एका 'हो'वर तुम्ही त्याची भरपाई गिळलीत.

दुसऱ्या दिवशी तो त्याच डॉक्टरपुढे जाऊन उभा राहिला.

"तोच प्रश्न परत विचारा. पण माझ्याकडे पाठ फिरवून. आणि कान कुणामुळे गेले, तेही सांगा."

डॉक्टरने टेबलावरच्या कागदांत मान घातली. जबडा हलताना तेवढा दिसला.

"मान वर करा," प्रेसवाला म्हणाला. "मला उत्तर पाहिजे."