मला धरून, मला वगळून

ऑफिस नव्या इमारतीत हलणार होतं. कोणाला कोणाशेजारी बसवायचं हे ठरवायला साहेबांनी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला: रात्री-अपरात्री बरं वाटेनासं झालं, तर इथल्या कोणाला फोन कराल? उत्तरं थेट कॉम्प्युटरमध्ये बंद. तो नावं सांगत नसे. कुठलाही गट टाका, त्या गटात एकाने दुसऱ्याचं नाव दिलंय अशा जोड्या किती, तेवढा आकडा देई. त्या आकड्यांवरून जोड्या हुडकायचं काम माझ्या गळ्यात. मूठ झाकलेलीही हवी आणि आत काय आहे तेही कळायला हवं, असे आमचे साहेब.

एकेक जोडी विचारत बसले असते तर तिथेच निवृत्त झाले असते. म्हणून मी अख्खे गट विचारले, एका माणसाला धरून आणि मग त्याला वगळून. आकडा तोच राहिला की माणूस सुटला. बदलला की उरलेल्यांचे दोन भाग करायचे आणि पुन्हा विचारायचं. नकाशा भराभर उलगडत गेला. ज्या दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य सगळ्यांना ठाऊक, त्यांनी एकमेकींचीच नावं दिली होती.

मी स्वतः कोणाचंच नाव दिलं नव्हतं. उगाच कोणावर भार कशाला? पण मला कोणी धरलंय का, हे कळल्याशिवाय चैन पडेना. एका दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मला वगळून आकडा विचारला, मग मला धरून. एकाने वाढला. खोटं कशाला बोलू, डोळे भरून आले. अर्धे लोक, मग त्यांतले अर्धे, असं करत शेवटी उरले स्टोअरकीपर. इतक्या वर्षांत आमचं बोलणं म्हणजे शाई आणि कागद.

शाईचं निमित्त काढून गेले आणि सरळ विचारलं. नावं कोणाला कळणार नाहीत असं सांगितलं होतं, एवढं ते पुटपुटले. मग हातातलं खोकं खाली ठेवलं.

"बाकीच्यांना घरदार आहे, बाई. एकाला उठवलं की सगळं घर उठतं. तुमच्याकडे तसं काही नाही," ते म्हणाले. "फक्त नंबर द्या तुमचा. माझ्याकडे नाहीये."

वाईट वाटलं, फार वाटलं. राग यायला हवा होता, तो काही येईना. मी नंबर दिला आणि त्यांचा मागितला.

त्यांना तो पाठ नव्हता. कोणी कधी मागितलाच नव्हता.