नऊ फूट ताक

मी एक जुनी वही आहे, आणि कशाची वही म्हणून विचाराल तर मित्रांनो, माझी मीच गोंधळते. तुमच्या शाळेच्या कपाटात मला इंग्रजीचं पुस्तक समजून ठेवलं आहे. ज्यानं मला विकत घेतलं त्याच्या लेखी मी बिअरची वही होते. आणि इथं मुळशीच्या तळ्याकाठी एक अख्खं गाव मला बुडवणारी वही समजत होतं. आता यातलं खरं कोणतं? पहिल्यापासून सांगते, मग तुम्हीच काय ते ठरवा.

माझा जन्म विलायतेतला. फाटक्या चादरी, विटलेले सदरे, असल्या चिंध्या कुटून त्यांचा लगदा केला, लगद्याचा कागद झाला आणि कागदाला काळा कातडी पुठ्ठा मिळाला. कडेला पेन्सिल खोचायला एक फासा होता. त्या फाशाचा मला भारी तोरा होता, खोटं कशाला बोलू! वाटायचं, आपल्यात कुणीतरी कविता लिहिणार. पण मला उचललं गिब्स नावाच्या एका इंजिनिअरनं, आणि पहिल्याच पानावर त्यानं रकाने आखले. दुकानाचं नाव, पेयाचा रंग, फेस, थंडपणा, बसायचा बाक, मालकाचा स्वभाव आणि शेवटी दहापैकी गुण.

तिकडे गावोगाव ‘पब’ असतात. गुत्ता म्हणू नका हं, तिथं म्हाताऱ्या बायासुद्धा लोकर विणत बसलेल्या मी पाहिल्या आहेत. तिथं ‘एल’ नावाची सातूची कडसर बिअर मिळते. दारू वाईट, हे तुमच्या शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं आहे आणि मीही तेच सांगेन. पण माझं बालपणच तिच्या वासात गेलं, त्याला मी काय करणार? दर शनिवारी साहेब एक नवं गाव गाठायचा, कोपऱ्यातल्या बाकावर बसायचा, एक घोट घेऊन डोळे मिटायचा आणि मग लिहायचा. लाल सिंह, सहा. पांढरं हरीण, सात. तीन नाल, चार. बिअर बरी, पण मालक खेकसतो. ही सगळी पबचीच नावं बरं का. गुण द्यायला साहेब मोठा चिक्कू. अकरा वर्षांत साडेआठाच्या वर त्यानं कुणाला म्हणून जाऊ दिलं नाही. मात्र पेय कितीही वाईट असो, मालकिणीच्या डोळ्यांदेखत पेला अर्धा टाकून उठायचं नाही, ही त्याची रीत होती.

भारत स्वतंत्र होऊन दहा वर्षं झाली होती, तेव्हा साहेबाला मुळशीच्या धरणाची भिंत तपासायला चार महिन्यांसाठी बोलावलं. मीही त्याच्या खिशातून आले. पहिल्या शनिवारी साहेब सवयीनं निघाला. पण इथं तर दारूबंदी! पब नाही, पाटी नाही, बाक नाही. दोन तास नुसता चालला बिचारा. शेवटी टेकाडावरच्या एका घराच्या ओट्यावर घाम पुसत टेकला.

ते घर धोंडाबाईचं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात ती आणि तिचा तरणा लेक भिकू. दारात दमलेला माणूस बघून बाईनं काही विचारलं नाही. नुकतंच घुसळलेलं ताक पितळी पेल्यात ओतून पुढं केलं. साहेब घटकाभर पेल्याकडे बघतच राहिला. मित्रांनो, त्या ताकाला फेस होता! मग त्यानं घोट घेतला, डोळे मिटले आणि मला उघडलं. रंग पांढरा. फेस उत्तम. बाक म्हणजे शेणानं सारवलेला ओटा, लखलखीत. मालकीण हसरी, पैसे घेत नाही. गुण नऊ.

नऊ! मला वाटलं, पेन्सिलच घसरली.

तेव्हापासून दर शनिवारी साहेब आधी धोंडाबाईच्या ओट्यावर टेकायचा आणि मग एकेक नवा उंबरा धरायचा. कुठं आंबील, कुठं गुळाचा चहा, जे मिळेल ते प्यायचा आणि गुण द्यायचा. तळ्याच्या अगदी काठाला बहिरूचं घर होतं. त्यानं धुरकटलेला काळा चहा दिला, त्याला तीन मिळाले. माझं मात्र डोकं चालेना. ज्यांच्या दारावर सिंह नाही की हरीण नाही, त्यांना पब म्हणायचं कसं? आणि तिकडे तर पिऊन झाल्यावर कुणी “जेवून जावा की” म्हणत नसे.

आता गेणबाची ओळख करून देते, कारण सगळा घोळ त्यानंच घातला. हा साहेबाची मोजणीची काठी उचलायचा. एरवी त्याचं काम धरणावरच्या पट्टीवर पाणी किती चढलं ते रोज बघून सांगायचं. त्यामुळं त्याला इंग्रजी आकडे तेवढे वाचता येत, अक्षर एकही नाही. आणि त्या पट्टीवर आकडा म्हणजे फूट. शनिवारीही तो साहेबाच्या मागं असायचा, त्यामुळं कोणती ओळ कोणत्या घरात लिहिली ते त्याला ठाऊक. एका शनिवारी त्यानं साहेबाच्या खांद्यावरून माझ्यात डोकावलं आणि संध्याकाळी थेट धोंडाबाईचा ओटा गाठला.

“धोंडाक्का, घात झाला. तुमच्या घरात नऊ फूट पानी येनार हाय.”

“काय बोलतोस रं येड्यावानी?”

“सायबानं लिवलंय. म्या सोता वाचलं. धरणाची भित्त वाढिवनार आसत्याल, आनि कुनाच्या घरात किती पानी, त्याचं टिपण चाललंय. बहिरूच्या घरात तीन.”

बहिरू तिथंच बसला होता. तो ताडकन उठला. “आरं, माजं घर काठाला, तितं तीन? न् हिचं टेकाडावर, तितं नऊ? पानी काय माडीवर चढतंय व्हय?”

“सायबाचं गनित हाय ते,” गेणबा म्हणाला. “आपल्याला उमगलं आसतं तर आपुनच सायब न्हाई का झालो आसतो?”

तुम्हाला हसू येईल. हे सगळं मागाहून गुरुजींच्या तोंडून ऐकताना मलाही आलं असतं, पण धोंडाबाईची गोष्ट ऐकून येईना. तिचं माहेर या तळ्याच्या तळाशी आहे. ती लहान होती तेव्हा पहिलं धरण झालं. आता भिकूची सोयरीक शेजारच्या चांदे गावच्या जयसिंगच्या लेकीशी, चंद्राशी ठरली होती. सुपारी फुटली होती, तीन आठवड्यांवर लग्न आलं होतं. आणि बुडत्या घरात कोण लेक देणार?

साहेबाला सरळ विचारलं का नाही, असं तुम्ही म्हणाल. भिकूही तेच म्हणाला. तेव्हा धोंडाबाई म्हणाली, “माज्या बानं इचारलं व्हतं मागल्या बारीला. ‘काय व्हत न्हाई, घरी जावा,’ म्हनले. म्होरल्या साली चुलीत पानी. आता इचारून काय उपेग?”

बातमीला काय पाय लागतात होय! चार दिवसांत ती चांद्याला पोचली आणि जयसिंग तणतणत आला. माणूस वाईट नव्हता, पण बाप होता. “ईनबाई, माजी एकच लेक हाय. शनिवारी सायेब येनार तवा मी हितं बसतो. आकडा खाली आला तर लगीन, न्हाईतर सोयरीक मोडली म्हनून समजा.”

आता आकडा खाली आणायचा कसा? त्यावर बहिरूनं डोकं चालवलं. “मी काळा च्या पाजला, तीन मिळालं. तू लोन्याचं ताक दिलंस, नऊ मिळालं. म्हंजी जेवडी सरबराई तेवडं पानी! धोंडे, सायबाला कायतरी घान पाज.”

झालं! ही युक्ती घराघरांत पसरली. गुरुवारी संध्याकाळी काम आटोपून साहेब गावात फिरला, तर कुणी करपलेली आंबील दिली, कुणी आंघोळीचं असावं तसलं कोमट पाणी. साहेबानं पेले संपवले आणि मुकाट्यानं लिहिलं. दोन. एक. दीड. त्या दिवशी तो परतताना एकटाच काहीतरी पुटपुटत होता. आपलं काय चुकलं, हे त्याला कळेना, आणि हे भले लोक एकाएकी असे का वागताहेत, हे तेव्हा मला कळेना.

शनिवार उजाडला. धोंडाबाईनं चार दिवसांचं ताक ठेवलं होतं. त्याचा वास मला साहेबाच्या खिशात आला. वर तिनं मूठभर मीठ टाकलं. ओट्याच्या कोपऱ्यात जयसिंग बसला होता, शेजारी बहिरू, दाराशी भिकू. धोंडाबाईनं पेला पुढं केला, पण मान फिरवून. उभ्या आयुष्यात तिनं दारच्या माणसाला असलं काही दिलं नव्हतं. देता देता थोडं ताक ओट्यावर सांडलं.

साहेबानं घोट घेतला. त्यानं एकदा बाईकडे पाहिलं. मग पेला तोंडाला लावला आणि तळापर्यंत रिकामा केला. मला उघडून तो लिहू लागला. या वेळी बराच वेळ लिहीत होता.

गेणबानं डोकावलं आणि त्याचं तोंड उतरलं. “नऊच हाय.”

“मिटलं मग,” असं म्हणून जयसिंग उठला. भिकू भिंतीला टेकला. धोंडाबाईनं पदर तोंडात कोंबला, तरी हुंदका आलाच. साहेब भांबावला. आपण घरगुती बोलण्यात मध्ये आलो असं त्याला वाटलं असावं. टोपी उचलून, मान लववून तो पाणंदीनं चालू लागला आणि मी ओट्यावरच राहिले.

जयसिंगनं मला उचललं. “जाता जाता बगू तरी दे, काय काय बुडिवनार हाय त्यो. बलवा गुर्जींना.”

गुरुजी शेजारच्या देवळातल्या शाळेतून आले. चष्मा पुसून त्यांनी पहिलं पान काढलं. “लाल सिंह, सहा. पांढरं हरीण, सात.”

“ही कुटली गावं?” जयसिंगनं विचारलं.

“विलायतेतलीच काहीतरी दिसतात.”

“म्हंजी तितंबी बुडिवलं का ह्यानं?”

“थांबा हो जरा. इथं लिहिलंय रंग, फेस, थंडपणा.” गुरुजीही गोंधळले. “फुटांना फेस कसा असेल?” त्यांनी भराभर पानं उलटली आणि शेवटचं पान अडखळत वाचलं, एकेक शब्द मराठीत सांगत.

“‘ताक नासलेलं. मीठ फार. पण बाईंचे डोळे रडून सुजलेत, हात कापतोय. घरात काही मोठं दुःख आहे. अशा दिवशी कुणाचे गुण कापू नयेत. मागचेच नऊ कायम.’”

मग बहिरूनं हळूच विचारलं, “म्हंजी नऊ ते... ताकाला?”

“ताकाला.”

“न् माजं तीन?”

“तुझ्या चहाला.”

“तीन?” बहिरू उसळला. “माज्या च्याला तीन?”

कितीतरी दिवसांनी त्या ओट्यावर हसू फुटलं. जयसिंग मात्र हसला नाही. त्यानं गुरुजींकडून मला घेतलं, दोन्ही हातांनी नीट धरलं आणि म्हणाला, “सायेब तोंडानं बोलला आसता तर मी इस्वास ठेवला नसता. पर ह्ये त्यानं आपल्याला दावायला लिवल्यालं न्हाई, सोताशीच लिवलंय. म्हंजी खरं आसनार. ईनबाई, लगीन ठरल्या दिवशी करू.”

भिकूचा चेहरा असा काही उजळला की मला बोलता येत असतं तर मीही ओरडले असते. पण धोंडाबाईनं जयसिंगच्या हातातून मला घेतलं आणि अनवाणी पाणंदीनं धावत सुटली. मला काही समजेना. आता तर सगळं सुरळीत झालं होतं ना?

साहेब ओढ्यापाशी भेटला. तिनं ते पान उघडून नऊवर बोट ठेवलं. “ह्ये न्हाई, सायेब. आजचं नऊ न्हाई. जानूनबुजून नासकं पाजलं मी तुमाला. दारच्या पाव्हन्याला.” साहेबाला शब्द कळले नाहीत. तो आपला हसून मान डोलवत राहिला आणि त्या नऊवर बोट ठेवून बाईलाच धीर देऊ लागला. तिनं दोनदा मान हलवली, हात जोडले, तरी त्याचं तेच. मग धोंडाबाईनं माझ्या फाशातली पेन्सिल ओढली. ती कशी धरायची हेही तिला ठाऊक नव्हतं. उलथणं धरतात तशी तिनं ती मुठीत धरली आणि नऊच्या खाली जोर देऊन एक वाकडंतिकडं शून्य काढलं. माझा कागद टरकला तिथं. दुखलं मला, पण मी चूं केलं नाही.

साहेब त्या शून्याकडे पाहत राहिला, मग तिच्याकडे. या वेळी तो हसला नाही. त्यानं टोपी काढून हातात घेतली. धोंडाबाई डोळे पुसत म्हणाली, “आता चला, ताजं घुसळते,” आणि शब्द न कळताही तो तिच्या मागोमाग टेकाड चढला.

लग्न थाटात झालं. साहेब पंगतीला मांडी घालून बसला. तळ्याचं पाणी होतं तिथंच राहिलं. जाताना साहेबानं नवी वही घेतली आणि मला गुरुजींना देऊन टाकलं, मुलांना इंग्रजी शिकवायला म्हणून. म्हणून तर तुम्ही ‘लाल सिंह’ वाचून अक्षरं गिरवता, आणि ती कशाची नावं आहेत हे गुरुजी तुम्हाला सांगत नाहीत.

मित्रांनो, आता माझा पुठ्ठा निघाला आहे आणि खालून वाळवी लागली आहे. तुमच्यातले काही जण माझी पानं फाडून नावा करतात, तेही मला माहीत आहे. करा. सिंह घ्या, हरीण घ्या, बहिरूचा चहासुद्धा घ्या, मी रागावणार नाही. पण मागचं एक पान तेवढं सांभाळा, त्याला ओल लागू देऊ नका. त्यावरचं शून्य एका बाईनं जन्मात पहिल्यांदा पेन्सिल हातात धरून काढलेलं आहे, आणि ते तिनं स्वतःलाच दिलेलं आहे.