मॅनसच्या अकलेची आठ वर्षं

मॅनस ब्रेस्लिनला सगळं कळायचं. बंदरात बांगडा कधी येणार ते कळायचं, सरकार कधी पडणार ते कळायचं, शेजारणीचं गुडघ्याचं दुखणं खरं की सोंग, तेही कळायचं. छत्तीस वर्षं त्याने काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत रस्त्यावर पडणाऱ्या खडीच्या नोंदी ठेवल्या होत्या, आणि निवृत्त झाल्यापासून त्या खडीच्या जोरावर तो अख्ख्या गावाचा वकील, डॉक्टर आणि अर्थमंत्री होऊन बसला होता. रविवारची चर्चमधली मिस्सा सुटली की लोक सरकारी फॉर्म घेऊन त्याच्या स्वयंपाकघरात रांग लावत. सोबत दक्षिणा म्हणून मनुक्यांचा पाव. खरं तर बसने वीस मिनिटांवर माहिती केंद्र होतं, फुकट होतं आणि तिथे नियम वाचलेली माणसं बसायची. पण परक्या माणसापुढे आपले कागद कसे उघडायचे, या लाजेपायी सगळे मॅनसकडे येत. मग मॅनस तेच कागद चहा पिणाऱ्या बाकीच्या मंडळींना खणखणीत आवाजात वाचून दाखवी.

डिम्फनाही त्याच्याकडेच गेली होती. दुसरीकडे गेली असती तर घरात महाभारत नसतं का झालं? मॅनस तिचा थोरला दीर.

तीस वर्षं ती बंदरावरच्या फॅक्टरीत बांगडे कापत होती. पंचावन्नाव्या वर्षी तिच्या उजव्या खांद्याने संप पुकारला तो कायमचाच. दोन वर्षं आजारपणाचा भत्ता मिळाला. दर महिन्याला डॉक्टरचा दाखला पाठवायचा, दर आठवड्याला भत्ता यायचा. दोन वर्षं सरली, नियमाप्रमाणे भत्ता संपला, आणि घरात नवऱ्याचा, ह्यूईचा, पगार येतो म्हणून दुसराही कुठला मिळेना. तेव्हा त्या महिन्याचा दाखला हातात धरून ती मॅनससमोर बसली होती.

"हा आता पाठवायचा का रे?"

"कशाला? दुकानाला कुलूप लागलं तरी तू फळीवर टकटक करत बसणार?" मॅनस हसला, म्हणून स्वयंपाकघरही हसलं. "फाड तो. पोस्टाचं तिकीट तरी वाचेल."

तिने फाडला. पुढची आठ वर्षं एकही दाखला गेला नाही.

पासष्टावं लागलं तेव्हा तिने आपल्या शिक्क्यांचा उतारा मागवला. पगारातून दर आठवड्याला सरकारकडे जी वर्गणी जाते तिला तिथे सगळे शिक्काच म्हणतात. चाळीस वर्षांचे शिक्के भरले की म्हातारपणाची पेन्शन पूर्ण, नाहीतर जितके कमी तितकी कमी. उतारा आला. तीस वर्षं फॅक्टरीची, दोन भत्त्याची. त्याखाली आठ शून्यं, एकाखाली एक.

डिम्फना सरळ पेन्शनच्या कचेरीत गेली. खिडकीमागे नोरीन नावाची तरुण बाई होती.

"भत्ता थांबला म्हणून शिक्के थांबत नाहीत हो, डिम्फना," ती म्हणाली. "दाखले येत राहिले असते, तर आजारपणाचा प्रत्येक आठवडा आम्ही भरलेला धरला असता. एक पैसाही न देता. तुम्ही बंद का केलेत?"

"मग आजपासून पाठवते."

"आता ते नाही चालत. दोन वर्षांहून मोठा खंड पडला की आधी सहा महिने नोकरी करावी लागते."

"बाई, मला डोक्यावरून स्वेटर काढता येत नाही."

नोरीनने पेन खाली ठेवलं. "कमी पेन्शन घेता येईल. किंवा नवऱ्याच्या पेन्शनीत आश्रित म्हणून तुमचं नाव लावता येईल, अर्थात घरचं उत्पन्न बघून."

आश्रित! जानेवारीत बर्फाच्या पाण्यात बोटं बुडवून तीस वर्षं मासे कापले, ते कागदावर आश्रित व्हायला? डिम्फना खिडकीसमोरून हलेचना. मागची रांग खाकरायला लागली.

"एक वाट आहे," नोरीन शेवटी म्हणाली. "उशिरा आलेले दाखलेही कधीकधी धरतात. सगळी वर्षं तुम्ही आजारी होतात हे डॉक्टरने लिहून द्यायला हवं, आणि उशिराला सबळ कारण हवं. नुसतं 'कुणीतरी सांगितलं' म्हणू नका, तसं इथे दिवसाला दहाजण म्हणतात. ज्याने सांगितलं त्याने सहीनिशी लिहून दिलं तर वजन पडेल. वचन देत नाही हं, निर्णय वरचे घेतात."

डॉक्टर गिलेस्पींनी पाव तासात लिहून दिलं. महिन्याआड खांद्यात सुई खुपसली होती त्यांनी, सगळं वहीत होतं. राहिला मॅनस.

"मी असं म्हणालोच नसेन," तो आधी म्हणाला. मग म्हणाला, "म्हणालो असेन तर तेव्हा नियमच तसा असेल." आणि मग, पावाचा तुकडा चहात बुडवत, "तुला कशाला हवेत गं शिक्के? ह्यूईला पेन्शन आहे ना? एवढीच हौस असेल तर जा सहा महिने फॅक्टरीत. हलकं काम माग. बसून करायचं."

"बसून मासे तुझ्या खडीच्या वहीत कापत असतील, मॅनस. फॅक्टरीत उभं राहून कापतात."

ह्यूई आपल्या कपात बघत बसला. थोरल्या भावापुढे त्याने जन्मात मान वर केली नव्हती. घरी जाताना म्हणाला, "जाऊ दे ना, डिम्फना. माझं ते तुझंच की."

"तुझं ते तुझं, ह्यूई. मला माझं हवंय."

आठवडाभर तिने भांडी आपटली. मग भांडी आपटता आपटताच तिच्या डोक्यात प्रकाश पडला. आपण चुकलो असं मॅनस मेला तरी लिहिणार नाही. पण आपण थोर आहोत असं लिही म्हटलं, तर त्याला आवरायला चार माणसं लागतील.

पुढच्या रविवारी ती भला मोठा पाव घेऊन गेली. स्वयंपाकघर गच्च भरेपर्यंत थांबली आणि मग आवाज चढवून म्हणाली, "मॅनस, कचेरीतल्या बाईला जाणून घ्यायचंय, आपल्या गावात लोकांना सल्ला देतं तरी कोण. लेखी हवंय त्यांना."

"कुणाला? सरकारला?"

"मग! वरपर्यंत जाणार आहे ते पत्र."

हरभऱ्याच्या झाडावर चढायला मॅनसला शिडी कधीच लागली नव्हती. त्याने ताबडतोब टेबलावरच्या बशा बाजूला करवल्या, चष्मा पुसला, शाईचं पेन मागवलं. आणि लिहिता लिहिता प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणायला लागला, कारण नुसतं सरकारने वाचून त्याचं समाधान कुठलं होणार!

"'दोन हजार पंधराच्या मार्चमध्ये माझी भावजय डिम्फना हिने दाखले पाठवत राहावे काय, असा भाबडा प्रश्न मला विचारला. मी तिला तत्काळ आणि निःसंदिग्धपणे तो दाखला फाडण्यास सांगितले.'" निःसंदिग्धपणे या शब्दाखाली त्याने दोन रेघा मारल्या.

"वा!" डिम्फना म्हणाली. "सही जरा ठसठशीत कर हं."

"थांब गं, संपलंय कुठे! 'अशाच निरर्थक कागदपत्रांच्या जाचातून मी फिलोमिना कार, उना मीहन आणि रोशची विधवा यांनाही मुक्त केले आहे.'"

कोपऱ्यात फिलोमिना कार पाव कापत होती. तिची सुरी पावात अर्ध्यावर थांबली. तिने डिम्फनाकडे पाहिलं, डिम्फनाने तिच्याकडे, आणि मॅनसने तिसरं पान घेतलं.

चार महिन्यांनी निर्णयाचं पत्र आलं. वास नेमका लागल्यासारखा मॅनसही त्याच सकाळी येऊन टपकला आणि न विचारता ह्यूईच्या खुर्चीत बसला. ह्यूईने उभ्याने पत्र वाचलं. "'सोबतच्या सहीच्या पत्रावरून स्पष्ट होते, की एका नातेवाइकाने दिलेल्या सर्वस्वी चुकीच्या सल्ल्यामुळे अर्जदाराचे दाखले थांबले. विलंबाचे कारण ग्राह्य आहे. आठही वर्षे धरण्यात येत आहेत.'"

डिम्फनाने बोटांवर मोजलं: तीस, दोन, आठ. चाळीस. पूर्ण चाळीस, तिच्या एकटीच्या नावावर.

मॅनस मात्र मान हलवत होता. "बघा! हेच मी वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडतोय. लोक कुठल्याही गाढवाचं ऐकतात. कोण गं हा नातेवाईक? तुझ्या माहेरचाच असणार."

"तू रे, मॅनस," ह्यूई म्हणाला.

एवढंच म्हणाला, पण मान वर करून म्हणाला. डिम्फनाने नवऱ्याकडे असं पाहिलं जणू चाळीस वर्षांचा मुका बोलला. मॅनसने पत्र त्याच्या हातातून ओढून घेतलं, चष्मा लावला, एकदा वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं, मागे काही कौतुक लिहिलंय का म्हणून उलटून पाहिलं.

"यात स्वल्पविराम दोन ठिकाणी चुकलेत," तो म्हणाला.

बाहेर फिलोमिनाच्या गाडीचा हॉर्न वाजत होता. तिची जुनी फाईल काढायला दोघींना डॉक्टर गिलेस्पींकडे जायचं होतं, आणि वाटेत उना मीहनलाही गाडीत घ्यायचं होतं. ह्यूईने डिम्फनाचा उजवा हात सांभाळून कोटाच्या बाहीत घातला. तिने मॅनसच्या बोटांतून पत्र काढून घेतलं, पर्समध्ये ठेवलं आणि ती निघाली.