चौथी ओळ

पाटीच्या चौकटीचा एक कोपरा निखळलेला, तिथं सुतळी गुंडाळलेली, आणि सुतळीत खोचलेला पेन्सिलीचा तुकडा... इतका लहान की लिहिताना नखच पाटीवर घासतं. शैलजानं चौथी ओळ पुन्हा गिरवली. वरच्या तिन्ही साध्याच होत्या. गौर, आंब्याची डाळ, पन्हं. चैत्रातल्या हळदीकुंकवाला एवढं पुरे. आणि चौथी — संध्याकाळी मी गौरीसमोर बसणार.

पुसेल कुणीतरी. पुसू दे.

गेल्या वर्षी पाटी नव्हती, सगळं डोक्यात होतं. आळीतल्या घराघरांतून मागून आणलेले आरसे, पितळी हत्ती, संस्थानच्या कचेरीतल्या फडणिसांकडची पैठणी — कुणाचं काय ते लक्षात ठेवायचं, परत करायचं, हत्तीची सोंड वाकलेली निघाली तर ऐकून घ्यायचं — अख्खं भोर आरास बघून गेलं, आणि अंथरुणाला पाठ टेकल्यावर तिला गौरीचा चेहरा आठवेना. आपल्याच घरची गौर. ती रडली नाही, नुसती चिडली. तेव्हापासून रोज सकाळी पाटी: आज काय हवं, आणि त्यातलं काय नसलं तरी चालेल. नसलं तरी चालणारं इतकं निघालं की तिचं तिलाच हसू आलं.

सासूबाईंनी पाटी वाचली होती. आरास नको, हे त्यांनी ओठ मुडपून का होईना, चालवून घेतलं. पाय त्यांचेही दुखतात. चौथ्या ओळीवर मात्र बोट ठेवलं.

"बसायचं आलेल्या बायकांनी. घरच्या सुनेनं उठबस करायची. मी जन्मभर केली."

जन्मभर... म्हणजे यांनाही गौर कधी दिसलीच नाही की काय? विचारायला हवं होतं. तिनं नुसतं म्हटलं, बसणार आहे.

भोंगवलीहून कैऱ्या घेऊन आलेली ठकुबाई टोपली उतरवताना मोकळ्या भिंतीकडे बघून हसली. "आरास न्हाई व्हय यंदा? मग आमी बघायचं काय?"

"गौर," शैलजा म्हणाली, जरा फटकन.

संध्याकाळी बायका आल्या. नजरा भिंतीवरून फिरल्या, एकमेकींकडे गेल्या. शैलजानं हळदकुंकू लावलं, ओल्या हरभऱ्यांनी ओट्या भरल्या, आणि पन्ह्याचे पेले अजून भरायचे असताना जाऊन गौरीसमोर मांडी घालून बसली. कुजबूज थांबली. लाज वाटेल असं तिनं गृहीतच धरलं होतं. लाज आली नाही. राग आला — एवढंसं करायला इतकी वर्षं लागावीत...

मुखवट्याचा एक डोळा दुसऱ्याहून मोठा झाला होता. सकाळी घाईघाईत काजळ रेखलं होतं ते तिनंच. दरवर्षी असंच होत असेल. कुणी पाहिलंच नसेल.

"शैलजा, पेले कुठं आहेत?" स्वयंपाकघरातून सासूबाई, सगळ्यांना ऐकू जाईल अशा.

उठण्यासाठी तिचा हात जमिनीला टेकलाही होता, सवयीनं. तिनं तो उचलून पुन्हा मांडीवर ठेवला.

"फडताळात, खालच्या फळीवर," ती म्हणाली, आणि त्या लहान राहिलेल्या डोळ्याकडे बघत राहिली.