डबीतलं बोट

"अंबादास, तोंड उघड बघू."

"का? मी काय बाजारातला बैल हाय, दात मोजायला?" गेटावरचा वॉचमन हसला. पण रुक्मिणीचा चेहरा पाहून त्यानं मुकाट्यानं आ केला.

रुक्मिणीनं वाकून पाहिलं. बडीशेप चघळून दात पिवळे झाले होते, पण मशेरीचा काळा थर कुठं दिसेना. तरी तिचा संशय हटेना.

"माझ्या डबीत कोणतरी हात घालतंय. चार दिवस झाले."

"तुमच्या त्या काळ्या भुकटीत? फुकट वाटली तरी कोण घेईल, मावशी!"

दिंडोशीच्या त्या शाळेत रुक्मिणी सोळा वर्षं मावशी होती. वर्ग झाडायचे, पाणी भरायचं आणि दुपारी खिचडी झाली की नळापाशी उभं राहून ओरडायचं, "चूळ भरा रे! आ करून दाखवा! गालात भात ठेवून वर्गात जायचं नाय!" हे काम तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिनंच अंगावर घेतलं होतं. सकाळी ती गेटावरची पाटीही पुसायची. 'तंबाखूमुक्त शाळा.' अंबादासच्या आधीचा वॉचमन खिशात पुडी सापडली म्हणून एका दिवसात घरी गेला, तेव्हा बरं झालं असंच तिला वाटलं होतं.

तंबाखू म्हणजे पुरुष चघळतात आणि भिंतीवर थुंकतात ती. रुक्मिणी रविवारी तव्यावर भाजून, कुटून डबीत भरायची ती मशेरी. राजापूरला तिची आई लावायची, आजी लावायची. ते दातांचं औषध. दोन्ही एकाच पानाची, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तंबाखू आणि मशेरीला तिनं कधी एका ओळीत बसवलं नव्हतं.

डबी नळाखालच्या बादलीमागे असायची. त्या दिवशी तिनं वरची भुकटी बोटानं चोपून सपाट केली, झाकण लावलं आणि मुद्दाम मैदान झाडायला गेली. खिचडीची पंगत उठल्यावर येऊन पाहते तर मधोमध खड्डा. तिनं त्यात करंगळी घालून पाहिली. करंगळी मावेना.

अंबादासचं बोट तर वेलची केळ्याएवढं.

मग पोरांतलंच कुणीतरी! चूळ भरायच्या रांगेत तिनं चौथीतल्या नंदूला धरलं, कारण कुठलीही खोडी त्याच्यापासूनच सुरू व्हायची. त्याची दहाही बोटं तिनं हुंगली. चिक्कीचा वास आला.

"मावशी, चाटू नका हां," नंदू म्हणाला आणि सगळी रांग खिदळली.

एकटी दर्शना हसली नाही. तिसरीतली ती मुलगी भिंतीकडं तोंड करून एकाच गालात पाणी घोळवत होती. रुक्मिणीनं पाहिलं, पण ती पोर मुळातच अबोल म्हणून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत दंततपासणी होती. डॉक्टर दीप्ती कपाळाला बॅटरी बांधून बसल्या होत्या. समोर बुटकं बाक, आणि रांग धरायला रुक्मिणी. दर्शनाची पाळी आली. डॉक्टरांनी आरसा आत घातला आणि त्या थांबल्या.

"हिच्या किडलेल्या दाढेत मशेरी भरलीय. कोण लावतं गं तुला?"

दर्शना चपलांकडं बघत राहिली.

"घरचेच, दुसरं कोण?" मुख्याध्यापिका सुलक्षणाबाई म्हणाल्या. "आईला बोलवा. एवढ्याशा मुलीला तंबाखू देतात म्हणजे काय!"

"दाढ सहाव्या वर्षी आलेली आहे, पुन्हा येणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "लवकर दाखवली असती तर भरता आली असती. मशेरीनं दुखायचं थांबलं, म्हणून पोरगी गप्प राहिली. आता काढावी लागेल."

आईचं नाव निघताच दर्शनाचे डोळे भरले. तिनं एकदाच मान वर केली आणि रुक्मिणीकडं पाहिलं. मग पुन्हा चपलांकडं.

रुक्मिणीला तो दिवस आठवला. आठवडा झाला असेल. नळापाशी ती हिरडीला मशेरी लावत होती आणि मागून ही पोर म्हणाली होती, "मावशी, काय लावता?"

"दाढदुखीचं औषध. जा, पळ."

पोर गाल धरून उभी होती. ते तेव्हा दिसलं होतं. आता कळलं.

रुक्मिणीनं रांग सोडली. नळापाशी गेली, बादली सरकवली आणि डबी आणून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली.

"आईला बोलवू नका, बाई. यात तिच्या घरचं कोण नाय. हे माझं. मीच तिला औषध म्हणून सांगितलं."

सुलक्षणाबाईंनी डबीकडं पाहिलं, मग खिडकीतून दिसणाऱ्या पाटीकडं. "उद्या सकाळी ऑफिसात या, रुक्मिणीबाई," त्या हळूच म्हणाल्या.

रुक्मिणीनं मान हलवली. उद्या पाटी कोण पुसेल, एवढंच तिच्या मनात आलं.

"बसा," डॉक्टर म्हणाल्या.

"मी?"

"तुमचंही बघू दे."

बाक फारच बुटकं होतं. गुडघे छातीशी आले. रोज शंभर पोरांना आ करायला लावणाऱ्या रुक्मिणीनं स्वतःचं तोंड कुणाला दाखवलं नव्हतं; हसतानाही पदर पुढं यायचा. आता पदर मांडीवर पडला होता. तिनं डोळे मिटले आणि आ केला.

दर्शना वाकली, डॉक्टरांच्या कोपराखालून आत डोकावली. बराच वेळ बघत राहिली.

"मावशी, तुमच्या दाढा कुठं गेल्या?"

तोंडात आरसा होता. रुक्मिणीनं हात लांब करून पोरीचं मनगट धरलं, आणि तपासणी संपेपर्यंत धरून ठेवलं.