मुसाक्याला पाऊण तास

अथेन्सला मी पुढं दोनदा गेलो, परिषदेच्या खर्चानं. तिथला मुसाका, म्हणजे थर लावून भाजलेला ग्रीक पदार्थ, उत्तम होता, आणि उत्तम होता यापलीकडं मला त्याचं काही आठवत नाही. आठवतो तो चंडीगढच्या बावीस सेक्टरातला, १९९० सालचा, आतून कच्चा.

तेव्हा मी एकोणचाळीस सेक्टरातल्या संशोधन संस्थेत पीएच.डी. करत होतो. जिवाणूंना साखर खाऊ घालायची आणि ते काय करतात ते बघत बसायचं, असं कामाचं स्वरूप होतं. बाहेर पंजाबात, त्या दहशतवादाच्या दिवसांत, माणसं काय करत होती ते रोज पेपरात यायचं. त्या बातम्या मिरजेला पोचून आईनं वाचल्या की तिला जेवण जात नसे. शेवटी तिनं अण्णांना पाठवलं. हुकूम साधा होता: पोराला घेतल्याशिवाय परत यायचं नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील, मिरजेच्या पाणीपुरवठ्यातून ओव्हरसियर म्हणून नुकतेच निवृत्त झालेले. होस्टेलवर आले, नळ सोडून बघितला, "प्रेशर बरं आहे की," म्हणाले आणि त्याच दमात, "सामान बांध."

"अण्णा, दीड वर्षाचं काम राहिलंय."

"जिवाणू मिरजेत पण आहेत. आमच्या खात्याला विचार."

परतीची गाडी दुसऱ्या दिवशी होती. म्हणजे हे शहर माणसांत आहे हे पटवून द्यायला माझ्याकडं एक संध्याकाळ होती. सुखना तलावावर नेऊन उपयोग नव्हता, तिथं बोटींपेक्षा जवान जास्त. म्हणून मी त्यांना ग्रीक हॉटेलात नेलं. ज्या गावात लोक ग्रीक जेवायला बाहेर पडतात तिथं जिवाला धोका कसला, असा माझा युक्तिवाद होता.

हॉटेलाचं नाव 'न्यू अथेन्स'. मालक हरचरणसिंग बाजवा अकरा वर्षं एका ग्रीक मालवाहू जहाजावर होते, या पुण्याईवर त्यांनी ते काढलं होतं. जहाजावर ते इंजिनाला तेल घालत असत, हे जेवल्यावर कळायचं. सहा टेबलं, निळे टेबलक्लॉथ, भिंतीवर समुद्राचं कॅलेंडर. त्या वर्षी तिथं मटण मिळत नव्हतं, आणि बंदी कुणी घातली हे कुणी विचारत नव्हतं.

तिथली रीत वेगळी होती. सरदारजी टेबलाशी येऊन काय खाणार असं विचारत नसत. विचारत, "कौन सा सेक्टर जी?" लांब राहणाऱ्याला आधी वाढायचं, जे तयार असेल ते, आणि रस्ते ओस पडायच्या आत, साडेसातला, आपल्या मेटॅडोरमध्ये घालून घरी पोचवायचं. जवळ राहणाऱ्यानं निवांत बसावं. स्वयंपाकघरात ऑर्डर जायची ती माणसांची: "मोहाली दो! मनीमाजरा तीन, जल्दी!" मुसाक्याला पाऊण तास लागायचा, त्यामुळं तो फक्त आसपासच्या सेक्टरांच्या नशिबी. मी दोन वर्षांत त्याच्याबद्दल नुसतं ऐकून होतो, पाहिला कधीच नव्हता. एकोणचाळीसला कोबीच्या पानात गुंडाळलेला भात मिळे.

अण्णांना मी यातलं काही सांगितलं नाही. पण त्यांची उभी हयात कोणत्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं यात गेली होती. दोन टेबलांकडं नजर टाकून त्यांना सगळी वाटप-व्यवस्था कळली. शेजारचं मनीमाजऱ्याचं जोडपं काकडीचं दही आणि पाव खाऊन घड्याळ बघत उठलं. पलीकडचं बावीस सेक्टरातलं कुटुंब मुसाक्याची वाट बघत ऐसपैस बसलं होतं.

सरदारजी आले. "कौन सा सेक्टर, बाऊजी?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णा म्हणाले, "बाईस."

"ओहो, पड़ोसी!" म्हणत ते गेले.

"अण्णा! काय केलंत हे?"

"हळू बोल. दोन दिवस गाडीत बसून मी इथं कोशिंबीर खायला आलोय काय?"

"पण ती मेटॅडोर..."

"रिक्षा करू की. तूच म्हणालास ना, गाव नॉर्मल आहे म्हणून?"

आयुष्यभर पाण्याच्या मीटरमध्ये एका आकड्याचा खोटेपणा न चालवून घेतलेला माणूस वांग्यासाठी खोटं बोलला होता. ते वांगं आहे हे मात्र त्यांना अजून माहीत नव्हतं.

साडेसातला मेटॅडोर गेली. बऱ्याच वेळानं मुसाका आला. वर पांढरी साय, तिच्यावर किसलेलं पनीर, खाली बटाटा, त्याच्या खाली काळसर चकत्या. अण्णांनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावला.

"हे वांगं आहे."

"हो."

"कच्चं आहे."

"थोडं."

"आणि गोड का लागतंय?"

"दालचिनी घालतात."

अण्णांनी काटा खाली ठेवला. "वांग्यानं यांचं काय घोडं मारलं होतं?"

पण संपवलं त्यांनी. पलीकडचं बावीस सेक्टरही मान खाली घालून संपवत होतं. या जेवणासाठी थांबलो हे कबूल करायची कुणाचीच तयारी नव्हती.

बाहेर आलो तर साडेआठच वाजत होते आणि रस्ता धुऊन काढल्यासारखा मोकळा. शटरं खाली. रिक्षा तर नाहीच, कुत्रंही नाही. अण्णांनी उजवीकडं बघितलं, मग डावीकडं. नॉर्मल गाव या विषयावर बोलण्यासारखं फार उरलं नव्हतं. मनातल्या मनात मी सामान बांधायला घेतलं: आधी पुस्तकं, मग गादी.

तेवढ्यात फेरी संपवून मेटॅडोर परत आली. सरदारजींनी खिडकीतून मान काढली. "बाऊजी, घर भूल गए? बाईस तो पीछे है."

"उनतालीस," मी खरा सेक्टर सांगितला.

सरदारजी खाली उतरले आणि मग जे झालं ते आमच्या घराण्यात कुणी पाहिलं नव्हतं. माझ्या वडिलांवर कुणीतरी ओरडत होतं. "सफ़ेद बाल हो गए बाऊजी, और बच्चों वाली हरकत! मैं पूछता हूँ तो किसलिए पूछता हूँ? शौक़ है मुझे?" मग मोर्चा माझ्याकडं. "और तू! तुझे तो मैं शक्ल से जानता हूँ, सोचा कमरा बदल लिया होगा. बाप को सड़क पे खड़ा रखेगा?" ओरडता ओरडता त्यांनी दार उघडलं, अण्णांना दंडाला धरून पुढच्या सीटवर बसवलं आणि मला त्यांच्या शेजारी कोंबलं.

नाक्यावर जवानानं टॉर्च मारला, सरदारजींना ओळखून सोडून दिलं. मग सरदारजी, आता खालच्या आवाजात, म्हणाले, "पिछले साल एक लड़का था. पढ़ता था, इसी की तरह. उठ रहा था, मैंने बिठा लिया. दस मिनट और, मुसाका आ रहा है. स्कूटर पे गया. सुबह सिर्फ़ स्कूटर मिला."

अण्णा समोरच्या काचेकडं बघत होते. मला वाटलं, झालं. आता हे ऐकल्यावर कुठला बाप मुलाला इथं ठेवील?

होस्टेलचं फाटक दिसायला लागलं तसं अण्णांनी घसा साफ केला. त्यांचं हिंदी मिरज स्टेशनापलीकडं कधी गेलेलं नव्हतं.

"सरदारजी, ये लड़का अभी डेढ़ साल इधरच है."

मी वळून त्यांच्याकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते.

"आठवडे को एक बार आपके पास भेजेगा. उसको देखने का. चिल्लाने का, जैसा आज चिल्लाया."

"भेज दो जी," सरदारजी म्हणाले. "अपना ही बच्चा है. आए, खाना खाए..."

"नहीं नहीं," अण्णा घाईनं म्हणाले. "खाना नहीं देने का. सिर्फ़ देखने का."

सरदारजी इतके हसले की त्यांनी गाडी फाटकाच्या पुढं नेली आणि मागं घ्यावी लागली. पुढं दीड वर्ष मी दर शनिवारी हजेरी लावत गेलो. ते ओरडायचे, मग भात द्यायचे.

त्या रात्री फाटकातून आत जाताना मी विचारलं, "आईला काय सांगणार?"

अण्णा चार पावलं चालले.

"सांगेन, पोराचे जेवणाचे हाल आहेत," ते म्हणाले. "माणसं बरी आहेत."