तिघांची सोय

रविवारी सकाळी चहाचे कप बाजूला सारून थोरलीने शाळेतला नकाशा टेबलावर पसरला आणि घरात पुन्हा एकदा जगाची पाहणी सुरू झाली. हल्ली सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे हाच कार्यक्रम असे. बाप ज्या कंपनीत लिफ्ट दुरुस्त करायचा, तिने इथला कारभार गुंडाळायला घेतला होता. नव्या इमारतींत नव्या कंपन्यांच्या लिफ्ट आणि त्यांची त्यांची माणसं, मग जुन्या कारागिराला विचारतो कोण? आई रुग्णालयाच्या कपड्यांच्या कोठीत शिवणकाम करायची. फाटक्या चादरींना ठिगळं लावायची, ऑपरेशनच्या झग्यांना नाड्या शिवायची. तिच्या एकटीच्या पगारात चौघांचं भागणार नव्हतं. देश सोडायचा हे ठरलं होतं, कुठे जायचं तेवढंच ठरत नव्हतं.

"मला समुद्र पाहिजे," धाकटी म्हणाली. ती सात वर्षांची होती आणि खुर्चीवर गुडघे टेकून अर्ध्या नकाशावर ओणवी झाली होती.

"समुद्र काय करायचाय? पोहता येतं का तुला?" थोरली म्हणाली. ती बारा वर्षांची.

"बघायला."

"बघायचं नंतर," बाप म्हणाला. "आधी उंच इमारती शोधा गं. बसक्या घरांचा देश काढलात तर तुमचा बाबा उपाशी मरेल."

मुली हसल्या. आई हसली नाही, कारण नकाशात देश कितीही असले तरी आपल्यासाठी दोनच आहेत हे तिला ठाऊक होतं. एका देशात नवऱ्याची बहीण राहत होती आणि दुसऱ्यात तिचा स्वतःचा भाऊ. हाताला धरून कुणी उभं करणार असेल तर तिथेच.

नवराबायकोची माणसं दोन वेगळ्या मुलुखांतली. भाषा वेगळ्या, नाकडोळे वेगळे, रंगही वेगळे. एकदा रुग्णालयाची लिफ्ट मध्येच अडकली, आत ही चादरींच्या ढकलगाडीसकट सापडली, आणि लिफ्ट सोडवायला आलेला कारागीर पुढचा महिनाभर ती लिफ्ट "तपासायला" येत राहिला. लग्न झालं तेव्हा दोन्हीकडच्यांनी दारं लावून घेतली. थोरली झाली तेव्हा आईच्या भावाने दार किलकिलं केलं. धाकटी झाली तेव्हा बापाच्या बहिणीने. कारण थोरली आईवर गेली होती, रंगाने, केसांनी, चेहऱ्याच्या ठेवणीने. आणि धाकटी थेट बापाचा साचा होती.

बाळ पाहायला आलेलं माणूस पहिलं वाक्य काय बोलतं? "ही कुणावर गेली?" आपण सगळेच विचारतो आणि हसत हसत विचारतो. पण या घरात त्या एका प्रश्नावर वाटण्या झाल्या, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आत्या दरवर्षी पार्सल पाठवायची, त्यात धाकटीसाठी फ्रॉक असायचा. मामा फोन करायचा तो "थोरलीला दे" म्हणूनच. आपलं ते आपलं, असं दोघंही भोळेपणाने समजून चालले होते.

पहिलं पार्सल आलं तेव्हा त्यातला एकुलता एक फ्रॉक बघून आई बराच वेळ स्वयंपाकघरात उभी राहिली होती. मग ती बाजारात गेली, तसंच कापड शोधून आणलं, मोठ्या मापाचा दुसरा फ्रॉक शिवला आणि पार्सल पुन्हा बांधून मुलींसमोर उघडलं. "आत्याने दोघींना पाठवलेत हं!" तेव्हापासून दर वर्षी ती तेच करत आली. नवऱ्याला ते दिसत होतं. तो काही बोलला नाही, आणि तिनेही त्याला बोलायला लावलं नाही.

त्या रविवारी नकाशाची घडीही व्हायची होती तोच आत्याकडून फोन आला. बापाने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर आत्याचे यजमान होते, चेहरा नुसता खुललेला.

"झालं बाबा तुझं काम! नोकरी पक्की. मालक माझ्या शब्दाबाहेर नाही. आणि राहायला आमचाच वरचा मजला रिकामा करून घेतलाय. तिघांची सोय अगदी फक्कड झालीये."

"चौघांची!" थोरली बाजूने म्हणाली. मोठ्या माणसाची बेरीज चुकली की मुलांना हसू येतं, तशी ती हसत होती.

पलीकडे कुणी हसलं नाही. यजमान पडद्यावरून बाजूला झाले आणि तिथे आत्या आली.

"मुलींना जरा आत पाठव रे," ती म्हणाली.

मुली आत गेल्या. दार लावल्याचा आवाज झाला.

"गैरसमज करून घेऊ नका," आत्या म्हणाली. "माझा काय तिच्यावर जीव नाही? पण इथली माणसं कशी आहेत ते तुम्हाला नाही माहीत. धाकटी आमच्यात खपून जाईल. वहिनीचं काय, ती घरातच असणार. पण थोरली शाळेत जाणार, रस्त्यात दिसणार, हजार जण विचारणार. पोरीचेच हाल होतील. त्यापेक्षा तिला दोन वर्षं मामाकडे ठेवा ना. तिकडे ती त्यांच्यातलीच दिसेल."

"ताई, पण तिकडच्या लोकांना तुम्ही काय सांगितलंय?" आईने विचारलं.

आत्या जरा घुटमळली. "आता काय लपवायचं. माझ्या भावाला एकच मुलगी आहे, असं आम्ही आधीपासून सांगत आलोय. तेव्हा कुठे माहीत होतं तुम्ही इकडे यायचं म्हणाल!"

बाप टेबलावर सांडलेले साखरेचे दाणे नखाने गोळा करत होता. "बघतो," तो म्हणाला. "कळवतो तुला."

दुपारी आईने आपल्या भावाला फोन लावला. मनात म्हटलं, निदान आपलं माणूस तरी असं बोलणार नाही.

"अगं, मग दे की पाठवून थोरलीला!" भावाला मनापासून आनंद झाला. "पोटच्या लेकीसारखी ठेवीन."

"दादा, आणि आम्ही चौघंच आलो तर?"

"चौघं..." भावाने घसा साफ केला. "हे बघ, तुझा नवरा सोन्यासारखा माणूस आहे, मी कधी नाही म्हटलंय का? पण त्याच्या तोंडावळ्याचं माणूस इथल्या रस्त्यात दिसलं की लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात. धाकटी तर हुबेहूब त्याच्यासारखी. मला इथे सगळ्यांत राहायचं आहे गं. तू आणि थोरली मात्र कधीही या. घर तुझंच आहे."

तिने फोन ठेवला. दोन देश, दोन घरं, एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं, आणि बोलणं मात्र शब्दाला शब्द सारखं! तिला संताप यायला हवा होता, पण नुसता थकवा आला.

मुली खाली खेळायला गेल्यावर नवरा म्हणाला, "दोनच वर्षं. जम बसला की आणू तिला."

"कुठे आणू? जिथे ती जन्मलीच नाही असं सांगून झालंय, तिथे?"

"मग तू सांग, काय करू? कुणाकुणाशी भांडू? मी थकलो गं."

"मीपण," ती म्हणाली. आणि ते अगदी खरं होतं.

दुसऱ्या दिवशी ती कोठीत झग्यांच्या गठ्ठ्यासमोर बसली. बाहेर धुलाईची यंत्रं घरघरत होती, वाफेने खिडकीची काच पांढरी झाली होती. झगा उचलायचा, तुटलेली नाडी उसवायची, नवी लावायची, दुहेरी टाका घालायचा, कारण एकेरी टाका धुलाईत टिकत नाही. हात चालू होते आणि डोकं भलतीकडे गेलं होतं. शाळेतल्या पालकसभेत बाप थोरलीच्या शेजारी उभा असताना शिक्षिकेने तिला विचारलं होतं, "तुझ्या घरून कुणी आलं नाही का?" बागेत एका बाईने थोरलीला सांगितलं होतं, "बाळाला नीट सांभाळ हं, मालकीण रागावेल." असं किती साठलं होतं. आईला मामाच्या गावातले रस्ते दिसले. त्या रस्त्यांवरून थोरली चालली आहे आणि कुणी वळून बघत नाहीये. कुणी काही विचारत नाहीये. पोरगी सुखात, आपणही सुटलो. तिने धागा ओवला, गाठ मारली आणि तिला बरं वाटलं. कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं इतकं निवांत वाटलं.

संध्याकाळी कोठीच्या बाईंना किल्ल्या देताना तिचं ठरलं होतं. घरी गेल्यावर नवऱ्याला "ठीक आहे" म्हणायचं.

ते म्हणायची वेळच आली नाही. जेवायला बसल्यावर थोरलीने पाण्याचे पेले भरले, प्रत्येकासमोर ठेवले आणि म्हणाली, "मी जाते मामाकडे. तुम्ही तिघं आत्याकडे जा."

बापाच्या हातातला घास हातात राहिला. "कुणी सांगितलं तुला हे?"

"बाबा, आपलं दार पातळ आहे."

"अगं, तसं काही..."

"मला चालेल. खरंच. दोघांनी भांडू नका. मला सवय आहे."

"कसली सवय?" आईने विचारलं.

थोरली ताटाकडे बघत राहिली. मोठ्या माणसाने अवघड गोष्ट हळू सांगावी तशी बोलली. "आत्याच्या पार्सलमध्ये एक फ्रॉक दुकानातला असतो आणि एक तुझा असतो. तू झग्यांना घालतेस तसा दुहेरी टाका असतो त्याला. मला दुसरीत असल्यापासून माहितीये. तुला वाईट वाटलं असतं म्हणून मी बोलले नाही."

धाकटी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. तिला हळूहळू उमगत गेलं.

"म्हणजे आत्याने ताईला कधीच नाही पाठवला?" तिचा आवाज चिरकला. "आणि ताई गेली तर मी रात्री कुणाजवळ झोपू? मला नाही जायचं तिच्याकडे!"

आई उठली. गेली पाच वर्षं आपण या पोरीला जपतोय असं ती समजत होती, आणि पोरगीच तिला जपत होती. तिने फोन घेतला आणि आत्याचा नंबर लावला.

"ताई, आम्ही येत नाही तिकडे."

"का? काय झालं? वहिनी, भरलेल्या ताटाला लाथ मारू नकोस. तुझ्या हट्टापायी माझ्या भावाचं वाटोळं करशील."

आई बोलणार तोच नवऱ्याने हात पुढे करून फोन मागितला. तिच्या मनात आलं, हा आता पडतं घेणार. गेली कित्येक वर्षं तो तेच करत आला होता.

"ताई," तो म्हणाला, आवाज मुळीच चढला नव्हता. "मला दोन मुली आहेत. तू एकीलाच फ्रॉक पाठवत होतीस ते मी दर वर्षी बघत होतो आणि गप्प बसत होतो. त्यात तुझ्याइतकीच माझीही चूक आहे. पण आता ज्यांना तू एक सांगितलीस त्यांना दोन सांग. नाही सांगता आलं तर आमच्या न येण्याला तेवढंच कारण पुरे."

"आणि जाणार कुठे? कोण आहे तुमचं?"

"कुणी नाही. बरंच आहे."

त्याने फोन ठेवला आणि थोरलीच्या ताटात भाजी वाढली. ताट आधीच भरलेलं होतं.

ते तिसऱ्याच एका देशात गेले. तिथे कुणी ओळखीचं नव्हतं. वर्षानुवर्षं लिफ्टच्या मुख्य कारागिराचं काम केलेला बाप तिथे पोरसवदा मिस्त्र्यांच्या हाताखाली हत्यारं उचलून द्यायला लागला. आईला एका हॉटेलच्या धुलाईघरात काम मिळालं. राहायला दीड खोली, आणि खिडकीतून समोरची भिंत. मामाचा फोन येईनासा झाला, आत्याचं पार्सलही. आणि असं समजू नका की त्या देशात माणसं वेगळी होती. भाजीवाल्याने पहिल्याच आठवड्यात थोरलीकडे बोट दाखवून विचारलं, "हिला दत्तक घेतलंय का?" शेजारीण धाकटीला खाऊ द्यायची आणि थोरलीला नुसतं "छान" म्हणायची. फरक इतकाच पडला होता की आई आता तिथल्या तिथे बोलायची. "दोघी माझ्याच. एकीला देणार असाल तर दोघींना द्या, नाहीतर राहू द्या." हे दर वेळी बोलायचा तिला कंटाळा यायचा, तरी बोलायची.

वसंत लागत होता, तेव्हाची गोष्ट. इमारतीच्या तळघरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत आई आणि थोरली चादरींच्या घड्या घालत होत्या. दोघींनी दोन टोकं धरली होती.

"आई, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार ना."

"त्या दिवशी मी काही बोलले नसते, तर तू मला पाठवलं असतंस?"

आईच्या तोंडाशी "छे गं, वेडी का तू" हे आलं होतं. तेच म्हणायची तिला सवय होती. पण समोरचे डोळे तिचेच होते, आणि त्यांना खोटं कळत होतं.

"हो," ती म्हणाली. "पाठवलं असतं. ठरवूनच घरी आले होते मी."

"बाबांनी पण?"

"बाबांनी पण."

थोरलीने मान हलवली. तिला नवीन काही कळलं नव्हतं.

"मग तू रडली असतीस का?"

"रोज."

"पण मग त्याचा मला काय उपयोग होता?"

तिने रागाने विचारलं नव्हतं. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. आई चादरीचं टोक धरून तशीच उभी राहिली. मनातून रडून, तोंडाने गप्प राहून, घरातल्या एका लेकराला बाजूला सारणाऱ्या साऱ्या प्रेमळ माणसांना एका पोरीने हा प्रश्न विचारला होता, आणि तिच्या आईला उत्तर सुचत नव्हतं. तुम्हाला सुचत असेल, तर ते आपल्या घरातल्या अशा एका मुलाच्या डोळ्यांत बघून एकदा मोठ्याने म्हणून पाहा.